अज्ञातवास आणि हिशेब : ‘इट हॅपन्ड वन नाइट’मधील प्रत्यभिज्ञा

उच्चकुलीन अथवा धनाढ्य नायिकेने आपली ओळख लपवावी, त्या अज्ञातवासात तिच्या प्रेमाची कसोटी लागावी आणि अखेरीस रहस्यस्फोट होऊन सर्व गुंता सुटावा, हा सुखात्मिकेचा फार जुना रूपबंध आहे. कालिदासाची मालविका ही विदर्भाची राजकन्या. ती अग्निमित्राच्या अंतःपुरात राणीची दासी म्हणून वावरते. हर्षाच्या ‘रत्नावली’तील सिंहलाची राजकन्या सागरिका या नावाने अशीच दुसऱ्या एका राणीच्या सेवेत असते. दोन्ही नाटकांत ओळख पटण्याचा प्रसंग शेवटच्या अंकात येतो, आणि तो येताच विवाहाच्या वाटेतील धोंडा दूर होतो. राजाचे मन दासीवर जडले आहे, हे नाटकभर पुरून उरणारे अवघडलेपण ‘ती दासी नव्हतीच’ या शोधाने निकालात निघते. प्रेमाने कुळ आधीच ओळखले होते, असा दिलासा प्रेक्षकाला मिळतो आणि व्यवस्थेला कोठेही धक्का लागत नाही. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेच्या संदर्भात विवेचन केलेली प्रत्यभिज्ञा सुखात्मिकेत अशी वैधता बहाल करणाऱ्या शिक्क्याचे काम करते.

फ्रँक काप्रा दिग्दर्शित ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४) हा चित्रपट सामान्यतः याच परंपरेत बसविला जातो. सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स यांच्या ‘नाइट बस’ (१९३३) या कथेवरून रॉबर्ट रिस्किन यांनी त्याची पटकथा लिहिली. कोट्यधीशाची कन्या एली अँड्र्यूज (क्लॉडेट कोल्बेर) हिने बापाला न विचारता किंग वेस्ली नावाच्या एका छानछोकी वैमानिकाशी विवाह केला आहे. बाप तो विवाह रद्द करविण्याच्या खटपटीत आहे आणि त्याने तिला मायामीच्या बंदरात आपल्या नौकेवर अडकवून ठेवले आहे. ती पाण्यात उडी घेते, एका वृद्धेकरवी न्यूयॉर्कच्या रात्रीच्या बसचे तिकीट मिळविते आणि सामान्य उतारूंत मिसळून जाते. शेजारच्या आसनावर नोकरी गमावलेला वार्ताहर पीटर वॉर्न (क्लार्क गेबल) येऊन बसतो. पुढे काय घडणार याचा अंदाज प्रेक्षकाला येतो, आणि तो बरोबरही ठरतो. चित्र, दिग्दर्शक, नट, नटी आणि रूपांतरित पटकथा ही पाचही प्रमुख ऑस्कर पारितोषिके मिळविणारा हा पहिला चित्रपट. अशा कीर्तिमंत कृतीविषयी समीक्षेला फारसे बोलावयाचे नसते, आणि म्हणूनच बहुधा तिच्या रचनेतील एक गोष्ट पुरेशा गांभीर्याने पाहिली गेलेली नाही. ती अशी की, या चित्रपटात नायिकेची ओळख नायकापासून जवळजवळ लपलेलीच नाही.

जॅक्सनव्हिलच्या थांब्यावर एली, जन्मभराच्या सवयीने, बसने आपल्यासाठी थांबावे असे चालकाला बजावून निघून जाते. परतते तेव्हा बस गेलेली असते आणि पीटर तिची वाट पाहत बसलेला असतो. तिने आसनावर विसरलेले तिकीट तो तिला परत देतो आणि ती कोण हे आपल्याला ठाऊक असल्याचेही सांगून टाकतो. कारण वर्तमानपत्रात तिचे छायाचित्र छापून आले आहे. चित्रपटाचा अद्याप चतुर्थांशही झालेला नाही. शकुंतलेच्या मुद्रिकेपासून रत्नावलीच्या रत्नमालेपर्यंत ओळखीची खूण ही नेहमीच वैयक्तिक, एकमेवाद्वितीय वस्तू असते. ती हरवते, सापडते, योग्य हातीच पडते. येथील खूण लाखो प्रतींत छापलेली आहे आणि दोन-चार नाणी टाकून कोणालाही विकत घेता येते. ती पीटरच्या हाती पडते तशीच पुढे शेपली या आगाऊ, बडबड्या उतारूच्याही हाती पडते. खूण सार्वजनिक झाली की ओळख ही बातमी होते, आणि बातमीला बाजारभाव असतो.

प्रेमकथेने प्रत्यभिज्ञेला शेवटच्या अंकातून उचलून पहिल्या अंकात आणावे, याचा परिणाम केवळ कथानकापुरता राहत नाही. पहिली गोष्ट, नायिकेचे कुळ समजल्याने कोणतीही अडचण सुटत नाही. उलट ती निर्माण होते. दुसरी, आणि अधिक महत्त्वाची, लपविण्याच्या क्रियेतील कर्ता बदलतो. आता लपवावयाचे ते जगापासून, आणि लपविणारी ती एकटी नाही. नायक तिच्या रहस्याचा भागीदार झाला आहे. अर्थात ही भागीदारी निरपेक्ष नव्हे. मुसळधार पावसाने पुढचा पूल वाहून गेल्याने मोटारप्रवाशांसाठी बांधलेल्या एका मुक्कामस्थळी त्यांना रात्र काढावी लागते. तेव्हा तो आपला सौदा स्पष्ट शब्दांत मांडतो : तिच्या पलायनाची संपूर्ण हकिकत फक्त त्याला मिळावयाची, त्या बदल्यात तो तिला वेस्लीपर्यंत पोहोचवील, मान्य नसेल तर बापाला कळविण्यास तो मोकळा आहे. प्रणयनाट्याच्या नायकाने नायिकेशी केलेले हे पहिले गंभीर संभाषण म्हणजे सौम्य शब्दांतील धाकदपटशा आहे, हे गेबलच्या हास्यामुळे विसरले जाते.

अज्ञातवासाचा खरा पट दुसऱ्या दिवशी सकाळी उलगडतो. बापाने नेमलेले गुप्तहेर दारात येतात. क्षणार्धात पीटर तिच्यावर खेकसू लागतो, ती हुंदके देत प्रत्युत्तर करू लागते, आणि खोलीत एक निम्नमध्यमवर्गीय, तोंडाळ, परस्परांना विटलेले जोडपे उभे राहते. एली येथे प्लंबरची मुलगी होते. ओशाळलेले गुप्तहेर आल्या पावली परततात. संपूर्ण चित्रपटात एलीने सर्वार्थाने धारण केलेले हे एकमेव सोंग, आणि ते तिने एकटीने रचलेले नाही. सोंग दोघांचे आहे, उत्स्फूर्त आहे, आणि गमतीची गोष्ट म्हणजे ते प्रियकर-प्रेयसीचे नसून भांडकुदळ नवरा-बायकोचे आहे. परंपरेतील नायिका दासीचे सोंग घेते तेव्हा तिचे सौजन्य त्या वेषातूनही झिरपत राहते आणि चाणाक्ष पात्रांना शंका येते. एलीच्या सोंगातून काहीच झिरपत नाही. ती प्लंबरची मुलगी इतकी उत्तम वठविते की कुळ हे रक्तात असते की आवाजाच्या पट्टीत, असा प्रश्न पडावा. गुप्तहेर गेल्यावर दोघेही एकमेकांच्या अभिनयावर खूश होऊन हसतात; आणि प्रेमाचा आरंभ शोधावयाचाच असेल तर तो या हसण्यात शोधावा लागेल.

याच्या उलट, सोंग नसते तेव्हा एलीची श्रीमंती लपत नाही. कॉफीत डोनट कसा बुडवावा हे तिला ठाऊक नाही. न्हाणीघरापाशी रांग असते हे तिला माहीत नाही. पैसे संपत आले असताना ती बसमध्ये चॉकलेटची पेटी मागविते. पीटर या सर्वांचा शिक्षक होतो आणि शिकविताना त्याला जो आसुरी आनंद होतो, त्याकडे समीक्षकांनी फार उदारपणे पाहिले आहे. हा लोकशाहीचा विजय आहे, सामान्य माणसाच्या शहाणपणाने धनिककन्येला माणसांत आणले, असे म्हटले जाते. पीटरचे सामान्यपणही एक प्रकारची मिरासदारी आहे, हे मात्र नजरेआड होते. माणसाला पाठुंगळीस कसे घ्यावे, याचे ज्ञानही श्रीमंतांना नसते असे तो ऐकवितो. म्हणजे कुळाचा अभिमान त्याच्यातही आहे, फक्त उलट दिशेने. पटकथेला ते पुरते उमगलेले आहे. म्हणूनच वाटेत मोटारी थांबविण्याची आपली शास्त्रशुद्ध पद्धत पीटर सप्रयोग समजावून देतो आणि एकही मोटार थांबत नाही. एली घोट्यापासून वर थोडा झगा उचलते आणि पहिलीच गाडी करकचून थांबते. हा प्रसंग इतका प्रसिद्ध झाला की त्यातील विनोदाखाली गुरूचे अज्ञान उघडे पडते, हे कोणी सांगत नाही.

दोघांच्या खाटांमध्ये दोरीवर टाकलेल्या घोंगडीविषयी बरेच लिहिले गेले आहे. पीटर तिला बायबलमधील जेरिकोच्या तटाचे नाव देतो. तो तट रणशिंगांच्या नादाने कोसळला होता. स्टॅन्ली कॅव्हेल यांनी ‘परस्यूट्स ऑफ हॅपिनेस’ (१९८१) या ग्रंथात या चित्रपटाला पुनर्विवाहाच्या सुखात्मिकांच्या पंक्तीत बसविले आणि त्या घोंगडीचा अर्थ कांटच्या ज्ञानमीमांसेच्या साहाय्याने लावला. मानवी ज्ञानाची मर्यादा आणि ती ओलांडण्याची ओढ त्यांना या पडद्यात दिसते. हे विवेचन मोठे आहे, काही ठिकाणी दिपवूनही टाकते. परंतु ते घोंगडीला तत्त्वज्ञानाच्या उंचीवर नेताना ती भाड्याच्या खोलीतील घोंगडी आहे हे विसरते. पावसाच्या रात्री दोन खोल्यांचे भाडे परवडत नाही, म्हणून ती टांगली गेली आहे. मराठी वाचकाला येथे अंतरपाट आठवल्यावाचून राहणार नाही. शेवटी शिंग वाजते आणि पडदा पडतो, तेव्हा तर मंगलाष्टके संपून वाजंत्री सुरू झाल्याचाच भास व्हावा. साम्य मोहक आहे, पण ते फार ताणण्यात अर्थ नाही. अंतरपाट इतरांनी धरलेला असतो आणि इतरांच्या अनुज्ञेने दूर होतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे वधूवरांना काही ठरवावयाचे नसते. येथे तो नायकाने स्वतः टांगला आहे, आणि त्याला प्रथम ओलांडते ती नायिका.

शेवटच्या मुक्कामात पीटर अंधारात आपल्या स्वप्नातील स्त्रीचे वर्णन करतो : पॅसिफिकमधील एका बेटावर त्याला ती हवी आहे, चांदण्यात समुद्रात उडी घेणारी, जिवंत. घोंगडीपलीकडे पडलेल्या एलीने चित्रपटाच्या आरंभीच समुद्रात उडी घेतलेली प्रेक्षकाने पाहिली आहे. ती घोंगडी दूर सारून त्याच्यापाशी येते आणि आपले प्रेम बोलून दाखविते. तो तिला आपल्या जागी परत जावयास सांगतो. वर्तमानपत्रातील छायाचित्रावरून जी क्षणात ओळखू आली, ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा ओळखली गेली नाही. नाव कळणे आणि माणूस कळणे यांतील हे अंतर हाच या कृतीचा गाभा होय. परंपरेने या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडवून आणल्या होत्या. काप्रा आणि रिस्किन यांनी त्या सोडविल्या, आणि दोहोंच्या मधल्या जागेत सबंध चित्रपट वसविला.

तो उशिरा का होईना भानावर येतो, आणि मग काय करतो? ती झोपलेली असताना मोटार घेऊन न्यूयॉर्कला जातो आणि आपल्या संपादकाला हीच प्रेमकथा एक हजार डॉलरांना विकतो, कारण खिशात दमडी नसताना मागणी घालणे त्याला कमीपणाचे वाटते. पहाटे मुक्कामाचे मालक एलीला हाकलून देतात, तिला वाटते तो पळून गेला, आणि ती बापाला दूरध्वनी करते. गैरसमज पैशांतून उपजतो. सुखात्मिकेत गैरसमज हवाच असतो. परंतु येथे तो योगायोगाने न येता नायकाच्या स्वाभिमानाच्या व्याख्येतून येतो, हे विशेष.

रकमांकडे पाहिले की चित्रपटाचा सांगाडा उघडा पडतो. एलीला शोधून देणाऱ्यास बापाने दहा हजार डॉलरांचे इनाम लावले आहे. शेपली पीटरला अर्ध्या वाटणीचा प्रस्ताव देतो, म्हणजे पाच हजार. (पीटर आपण अपहरण करणारे गुंड असल्याची बतावणी करून त्याला पिटाळून लावतो, हेही एक सोंगच.) संपादकाकडून मिळतात ते एक हजार. आणि एली घरी परतून वेस्लीशी तिचा समारंभपूर्वक दुसऱ्यांदा विवाह लागण्याच्या दिवशी पीटर बापापुढे येतो तेव्हा मागतो ते ३९ डॉलर ६० सेंट. यादी सोबत आहे : रोख खर्च ८.६०, ओव्हरकोट १५, सूटकेस ७.५०, हॅट ४, तीन सदरे ४.५०. आणखीही काही किरकोळ कपडे विकावे लागले, पण ते त्याने हिशेबात धरलेले नाहीत. दहा हजारांपासून चाळिसाच्याही खाली उतरत आलेली ही श्रेणी म्हणजे नायिकेच्या ओळखीचे क्रमाने घटत गेलेले मूल्य आहे, आणि सर्वांत कमी आकडा हाच सर्वांत सन्मानाचा आहे.

तो आकडा शून्य नाही, येथे लेखकाची खरी बुद्धिमत्ता दिसते. एखाद्या भावविवश नाटकातील नायकाने इनाम पायदळी तुडविले असते, त्यागाचे भाषण केले असते आणि मान वळवून चालता झाला असता. त्याने नायिका कायमची उपकृत झाली असती. पीटर उपकार करीत नाही. जे खरोखर खर्च झाले ते तो मागतो, एक सेंटही अधिक नाही, कमीही नाही. आणि त्यामुळे एली इनामाच्या वस्तूऐवजी ऋणको ठरते. ऋण फिटते, फेडणारा आणि घेणारा समान पातळीवर येतात. बापाला त्या यादीत काय दिसते हे त्याच्या पुढच्या प्रश्नावरून कळते : तो पीटरला, तुझे तिच्यावर प्रेम आहे काय, असे पुनःपुन्हा विचारतो आणि पीटर चिडून, त्रागा करून, अखेर होकार देतो. शेवटच्या अंकातील रत्नमालेची जागा खर्चाच्या यादीने घेतली आहे. खुणेवरून नायिका ओळखली जाण्याऐवजी यादीवरून नायक ओळखला जातो.

त्या यादीत एक गोष्ट स्वतंत्रपणे नोंदलेली नाही. बसमध्ये एक स्त्री उपासमारीने मूर्च्छित पडते, तिचा लहान मुलगा रडू लागतो, आणि पीटरजवळची उरलीसुरली नोट एली त्या मुलाच्या हातात ठेवते. मंदीच्या काळातील अमेरिका, जिच्यात मार्च १९३३ मध्ये देशभरच्या बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या, ती या चित्रपटात प्रत्यक्ष दिसते ती एवढीच, मिनिट-दोन मिनिटे. हा प्रसंग चित्रपटातील सर्वांत दुबळा दुवा आहे असे म्हणावे लागते. भूक येते, दानशूरतेला निमित्त देते आणि बसमधून उतरून जाते; त्या मुलाचे पुढे काय झाले, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. शिवाय दान एलीने केले असले तरी पैसे पीटरचे होते. वारसदाराने दुसऱ्याच्या खिशातून उदार होणे, यातील उपरोध पटकथेला अभिप्रेत होता की नाही, सांगणे कठीण. परंतु त्यानंतर दोघांनाही उपाशी राहावे लागते आणि आधी नाकारलेले कच्चे गाजर एली गुपचूप खाऊ लागते, तेव्हा प्रसंगाचे थोडेबहुत परिमार्जन होते.

अधिक गंभीर आक्षेप शेवटाविषयी घेता येईल. नॉर्थ्रप फ्राय यांच्या मांडणीनुसार सुखात्मिकेतील वडीलधारा अडसर शेवटी एक तर पराभूत होतो वा सामावून घेतला जातो. येथे अडसर ठरलेला बापच सूत्रधार होतो. विवाहवेदीकडे जाताना तो मुलीच्या कानात कुजबुजतो, मागल्या दाराशी मोटार तयार असल्याचे सांगतो. विवाह रद्द व्हावा म्हणून वेस्लीचे समाधान त्याच्याच पैशांनी होते. म्हणजे ३९ डॉलर ६० सेंटांच्या समतेला संरक्षण आहे ते कोट्यवधींचे. हा आक्षेप खोडून काढता येत नाही, आणि काढण्याचे कारणही नाही. पैशाच्या सत्तेविरुद्ध बंड करण्याचा दावा चित्रपट करीतच नाही. पैशाने वेढलेल्या जगात दोन माणसांना आपापसांत तरी सरळ हिशेब करता येईल काय, एवढाच त्याचा प्रश्न आहे. तो लहान आहे. परंतु ‘पलायनवादी’ असा शेरा मारून मोकळे होणाऱ्या समीक्षेने तोही विचारलेला नाही.

या कथेची हिंदीत रूपांतरे झाली, त्यांपैकी अनंत ठाकूर यांचा ‘चोरी चोरी’ (१९५६) आणि महेश भट्ट यांचा ‘दिल है के मानता नहीं’ (१९९१) ही दोन विशेष प्रसिद्ध आहेत. दोन्हींत पळून जाणारी नायिका अविवाहित आहे. तिला केवळ विवाह करावयाचा आहे. हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची तरतूद १९५५ मध्ये केली होती, पण पडद्यावरील नायिकेला एकदा लागलेले लग्न मोडून दुसऱ्याकडे जाण्याची मुभा त्याने मिळाली नाही, आणि १९९१ पर्यंतही ती घ्यावीशी वाटली नाही. हा बदल दिसतो तितका किरकोळ नाही. मूळ कृतीत एली कायद्याने दुसऱ्याची पत्नी आहे. म्हणून घोंगडीच्या दोन्ही बाजूंना जी अस्वस्थता आहे ती केवळ संकोचाची नाही, आणि भांडकुदळ जोडप्याचे सोंगही दुहेरी खोटे आहे. नायिका कुमारी झाली की प्रश्न ‘खरा विवाह कोणता’ हा न राहता ‘योग्य वर कोणता’ एवढाच उरतो. त्याचे उत्तर आपल्याकडील प्रेक्षकाला पहिल्या गाण्यापूर्वीच ठाऊक असते.

राहिला शेवटचा प्रसंग. तो एली आणि पीटर यांच्याविना घडतो. आणखी एक मुक्कामस्थळ, आणि बाहेर बोलत उभे असलेले त्याचे मालक नवरा-बायको. या विचित्र जोडप्याने दोरी मागितली, घोंगडी मागितली, आणि वाजविण्याचे शिंगही मागितले; कशासाठी, ते मालकाला समजत नाही. त्यांचे लग्न झाले असावे असे बायकोला वाटत नाही. नवरा सांगतो की झाले आहे, परवाना आपण स्वतः पाहिला. वर्तमानपत्रांनी देशभर ओळख करून दिलेली, दहा हजार डॉलरांची ती धनिककन्या या दोघांना ओळखू येत नाही. मालविकेचा आणि रत्नावलीचा अज्ञातवास जेथे संपतो, तेथे एलीचा सुरू होतो. आत शिंग वाजते, घोंगडी खाली पडते, आणि खोलीतला दिवा मालवतो.